दोन डोक्यांची मेंदी

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या देवळालीत दोन गोष्टी होतात. एक म्हणजे हवेला मळीचा वास सुटतो. बाहेरून आलेली माणसं नाक मुरडतात, आम्हाला तो चार दिवसांनी येईनासा होतो. दुसरी म्हणजे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे बारीक कण पडायला लागतात. ते झटकायचे असतात, चोळायचे नसतात. चोळले की डाग बसलाच म्हणून समजा. तिसरी गोष्ट फक्त आमच्या घरात होते. मी माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढते, घासते, आणि दोन डोक्यांची मेंदी भिजवते. त्या दोन्हींतलं एकही डोकं माझं नसतं.

माझ्या केसांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. सरळ, पातळ, तेल लावलं की कपाळाला चिकटणारे. आमच्या सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "हिची वेणी घालायला वेळ लागत नाही, शोधायला लागतो." पांढरे व्हायला लागले तसे मी होऊ दिले. शाळेत नववीच्या पोरी मला मागे 'चांदीबाई' म्हणतात, असं कानावर आलंय. म्हणेनात का बापड्या. वर्गात गप्प बसतात, तेवढं पुरे.

पहिलं डोकं विजूचं. विजू माझी धाकटी नणंद, अकोले तालुक्यात डोंगरात दिलेली. तिचे केस कुरळे. कुरळे म्हणजे सिनेमातल्या बायका पार्लरमधून करून आणतात तसे लाटालाटांचे नव्हेत. पेनातल्या स्प्रिंगसारखे. एक केस धरून ओढला तर कमरेपर्यंत येतो आणि सोडला की टुणकन खांद्यावर जाऊन बसतो. या घरात असे केस दुसऱ्या कुणाचे नाहीत. ते कुठून आले यावर सासूबाई आणि त्यांच्या जावा दुपारच्या दुपार घालवायच्या, आणि प्रत्येकीला आपल्या माहेरची एक तरी कुरळी चुलती आठवायची.

मी लग्न होऊन आले त्याच हिवाळ्यात मोठ्या हौसेनं तिच्या डोक्याला मेंदी लावली. मला काय ठाऊक! चहाचं पाणी, लिंबू, काताची पूड, सगळं लोखंडी कढईत रात्रभर ठेवलं, सकाळी काळंभोर झालं, आणि आपल्या डोक्याला थापावं तसं तिच्या डोक्याला थापलं. वर उन्हात बसवलं, छान वाळू दे म्हणून. वाळली. इतकी वाळली की तिच्या डोक्याची गोवरी झाली. सरळ केसावरून मेंदी पाण्याबरोबर उतरते, कुरळ्या केसात ती आत घुसून बसते आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. बादल्यांवर बादल्या झाल्या. मोरीत हिरवा चिखल. विजू खाली मान घालून ओरडत होती, "वहिनी, दादानं तुला मला मारायला आणलंय का?" शेवटी सासूबाईंनी कुंपणावरच्या जास्वंदीचा पाला ओरबाडून आणला, पाण्यात कुसकरला. त्याचं बुळबुळीत पाणी झालं, ते डोक्यावर ओतत राहिल्या. त्या बुळबुळीतपणावरून मेंदी आपोआप घसरून खाली आली.

तेव्हापासून मी शिकले. कुरळ्या केसाची मेंदी वेगळी. तिच्यात जास्वंदीच्या पाल्याचा गर निम्मा घालायचा, वर आंबट दही. केस आधी ओले करायचे, कोरड्याला फणी लावायचीच नाही. चार भाग पाडायचे, तीन वर बांधून ठेवायचे, एकाशीच बोलायचं. बोटांनी लावायची, टोकाकडून सुरुवात करून वर वर जायचं. आणि मुख्य म्हणजे वाळू द्यायची नाही. वर जुन्या साडीचा ओला तुकडा गुंडाळून बसायचं. धुतल्यावर साबण त्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी केस गाजरासारखे दिसतात, बघणारा घाबरतो, पण तिसऱ्या दिवशी रंग खोल जातो. आणि हाताला मऊ लागतात. कुरळेपणा किंचित सैल पडतो, जरा दम खाल्ल्यासारखा.

हे सगळं असं सविस्तर मी एवढ्यासाठी सांगतेय की पुढे हीच माहिती कामाला आली. मेंदी हा नटण्यामुरडण्याचा प्रकार आहे, असंच मी तोवर धरून चालले होते.

मग विजूचं लग्न झालं, पोरगं झालं. त्यानंतर एका वर्षी भात लावणी उरकली आणि तिला ताप आला. तापामागून कावीळ. श्रावणात पडली ती दिवाळीपर्यंत उठली नाही. धरणाकडचं गाव, पावसाळ्यात जीप मिळेल तेव्हा मिळेल. फोन लागला तर लागला. हे दोनदा जाऊन बघून आले, म्हणाले, "बरी आहे, वाळलीय फार." पुरुषांना वाळणं दिसतं. उशीवर महिना-महिना पडलेल्या डोक्याचं मागे काय होतं, ते त्यांना दिसायचं कारण नाही. आणि कुरळ्या केसाला उशीसारखा वैरी नाही.

भाऊबीजेला ती आली. एसटीतून उतरली तेव्हा डोक्याला घट्ट रुमाल. बरोबर पोरगं आणि तिच्या सासूबाई. मी त्यांना मावशी म्हणते. उंच, हाडापेराच्या, नऊवारी नेसणाऱ्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तो पदर मी आजवर कधी सरकलेला बघितला नव्हता. मान जरा एका बाजूला धरून चालायच्या. "मान लई दुखती," एवढीच त्यांची तक्रार, तीही विचारली तर.

ओवाळायला बसताना मी विजूला म्हटलं, "रुमाल काढ की." तिनं मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "दाव, दाव. आपलीच मानसं हायती."

तिनं रुमाल सोडला. समोरून केस होते तसेच, निस्तेज पण होते. मागे मानेपासून वरपर्यंत केस असे नव्हतेच. घोंगडीचा तुकडा चिकटवावा तसा एक जाड थर होता. त्यात बोट शिरत नव्हतं. त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

"जट हाय ती," मावशी म्हणाल्या. "देवीची. कुनी हात लावायचा न्हाई."

त्या आवाजात धमकी नव्हती. पाऊस झाला, भात आला, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. माघातल्या पौर्णिमेला विजूला देवीकडे न्यायचं, तिच्या हातात परडी द्यायची, असं त्यांच्या घरात ठरून गेलं होतं. एकदा परडी घेतली की जन्मभर फणी नाही, कात्री नाही. मंगळवारी पाच घरी जोगवा मागायचा. मग ती कुणाची बायको, कुणाची आई नंतर, आधी देवीची. विजू तेव्हा तिशीचीही नव्हती.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, ताटातलं निरांजन उचलून फेकावं इतका आला. यांना त्याहून जास्त. मावशी हात धुवायला गेल्या तसे हे मला म्हणाले, "तुझी कपडे बेतायची कात्री आण. दोन मिनिटांचं काम आहे. कसली देवी आणि कसलं काय."

कात्री आणायला मी आत गेले. मागोमाग विजू आली. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून म्हणाली, "वहिनी, कापू पण नको आणि ठेवू पण नको."

"म्हणजे कसं गं बाई?"

"कापली तर मी त्या घरात कशी जाऊ? उद्या वासरू मेलं तरी माझ्यामुळं. भाताला करपा आला तरी माझ्यामुळं. पोराला साधं पडसं झालं तरी सगळे माझ्या डोक्याकडं बघतील." थोडं थांबून म्हणाली, "आणि ठेवली तर काय होतं ते मला माहीत आहे. जट घेऊन म्हातारी झालेली बाई मी रोज बघते."

कुणाची गोष्ट, ते मी विचारलं नाही. गावात असेल कुणी, असं वाटलं. कात्री मात्र मी परत खणात ठेवली. यांची कटकट दोन दिवस चालली, "शिकलेल्या बायका तुम्ही" वगैरे. पण उद्या त्या घरात राहायचं होतं विजूला. शूर भाऊ इथे देवळालीत बसून राहणार होता.

हिवाळ्याच्या दुपारी आमच्या गच्चीवर एक विशिष्ट ऊन पडतं. पिवळं, पातळ, ताकासारखं. खालच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जातात, दोन दोन ट्रॉल्या मागे लावलेले, आणि आम्ही राहतो त्या वळणावर हमखास चार-दोन ऊस खाली पडतात. ते उचलायला पोरं आधीच उभी असतात. आज इतक्या वर्षांनी त्या हंगामाचा विचार करते तेव्हा मला आधी हे ऊन आठवतं, मग कढईचा लोखंडी वास, आणि मग मावशींचे डोळे. ते डोळे तेव्हा मला आवडायचे नाहीत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या शेजारी गच्चीवर जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. आमच्यासाठी त्यांनीच गावाहून आणलेले. मी म्हटलं, "मावशी, जट कापायची नाही, हे कबूल. पण दरवर्षी मी विजूला मेंदी लावते. ती चालेल का?"

त्यांनी ताटातला खडा बाजूला टाकला. "मेंदी व्हय? देवीला मेंदी चालती की. तिची तर आवडीची."

"आणि जास्वंदीचा पाला घालते मी त्यात."

"जास्वंद तर देवीचीच."

"आणि लावता लावता आपोआप सुटली तर?"

त्या तांदळातून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील. मग म्हणाल्या, "कापली तर कोप. सुटली तर तिची मर्जी. तिनंच बांदली, तिनंच सोडली. त्याला कोन काय बोलनार?"

मी खाली आले आणि कढई काढली.

गुंता सोडवणं हे काम शहाण्या माणसाचं नाही. घाई असणाऱ्याचं तर मुळीच नाही. विजूला पोरासकट माघापर्यंत आमच्याकडेच ठेवून घेतलं होतं; शाळेतून आले की चहा घ्यायचा आणि तिच्या मागे पाट टाकून बसायचं. रविवारी मेंदी, मधल्या दिवशी नुसता जास्वंदीचा गर आणि खोबरेल. नुसती मेंदी कोरडी असते, ती गुंता वाढवते; सगळी करामत त्या बुळबुळीत पाल्याची आणि दह्याची. पण नाव मेंदीचं पुढे केलं म्हणून कुणाला हरकत घेता येईना. शेजारच्या बायका जटेला हळदीकुंकू लावायला यायच्या, बघायच्या, "छान, देवीची सेवा चाललीय," म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या. मी मान हलवायचे. सेवाच होती. कुणाची, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

टोकाकडून धरायचं. ओला लगदा दोन बोटांत घेऊन नुसता दाबत राहायचं, ओढायचं नाही. एक केस सैल होतो, त्याला बाजूला काढायचा. मग दुसरा. कधी पूर्ण दुपार जायची आणि करंगळीएवढीच बट मोकळी व्हायची. कधी एखादी गाठ स्वतःहून उकलायची, आणि मग त्या दिवशी मी शाळेतल्या सहकाऱ्यांशीही बरं बोलायचे. पहिल्या पहिल्यांदा विजूला दुखायचं, ती मांडीतल्या उशीला नखं रोवायची. नंतर सवय झाली. मान पुढे टाकून ती झोपायचीसुद्धा. थंडीचे दिवस, त्यात आजारातून उठलेली बाई आणि डोक्यावर गार मेंदी. म्हणून मी मेंदीत लवंगा घालायचे आणि तिच्या पायाशी शेगडी ठेवायचे. गाठीत तिचे कितीतरी केस आधीच तुटून अडकलेले होते, ते पुंजक्यापुंजक्यानं हातात यायचे. ते बघून तिचा चेहरा पडायचा. मी ते पुंजके पटकन पदराखाली लपवायचे.

आमच्या बोलण्याला त्या दिवसांत विषय लागत नसे. तिच्या पोराचं रडणं, गावातली जीप, आमच्या मुख्याध्यापकांचं घोरणं. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं. तोंड दिसत नाही, म्हणून नको ते बोललं जातं. एकदा ती म्हणाली, "वहिनी, तिकडं मला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. सासूबाई तर माझ्या आजारात रात्रंदिवस बसून होत्या. मग मला त्यांचा राग कसा करता येईल?" मी म्हटलं, "राग करायला कारण लागत नाही. मी करते की."

आणि खरोखर करत होते. मावशी चार दिवस राहून गावाला गेल्या तेव्हा मला हुश्श झालं. पण आठवडा झाला नाही तोच परत आल्या. पहाटेची एसटी धरून. हातात ओल्या फडक्यात बांधलेला जास्वंदीचा पाला. "तुमच्या कुंपनाचा पाला सरला आसंल," म्हणाल्या. "आमच्याकडं लई हाय." मग हे चालूच राहिलं. दर आठ-पंधरा दिवसांनी मावशी, फडकं, पाला. आल्या की गच्चीवर माझ्या डाव्या हाताला बसायच्या आणि माझ्या बोटांकडे बघत राहायच्या. डोळे जराही हलायचे नाहीत. मधेच विचारायच्या, "आजून किती ऱ्हायली?"

"राहिलीय बरीच," मी मोघम सांगायचे.

"ती कानामागची सुटली का?"

"कालच सुटली."

"सुटली," त्या म्हणायच्या, स्वतःशीच.

मला वाटायचं, पाळत ठेवतायत. पौर्णिमा जवळ येत होती. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बसायचे, म्हणजे किती सुटली ते नीट दिसू नये. विजूला डोळ्यांनी खुणावायचे. एकदा तर यांना म्हटलंही, "पाला आणण्याचं निमित्त आहे. मापं घ्यायला येतात." हे म्हणाले, "आता तरी कात्री घे." या घरात प्रत्येकाकडे एकच उपाय होता आणि तो प्रत्येकाला पुरेसा वाटत होता.

माघ उजाडला. ऊस संपत आला, तोडणीवाल्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, एकेक करून उठायला लागल्या. विजूच्या डोक्यावर आता मानेच्या खळग्यात चिंचोक्याएवढी एक गाठ राहिली होती. सगळ्यात जुनी, सगळ्यात खालची. ती काही केल्या बधेना. ती सुटली त्या दिवशी रविवार होता आणि मावशी शेजारी होत्या. दह्यात माखलेल्या बोटांखाली ती आधी मऊ लागली, मग चपटी झाली, मग नव्हतीच. इतक्या दिवसांनी, इतकं सगळं करून, ते क्षणात झालं आणि काहीच वाटलं नाही. मी फणी घेतली. ओल्या केसांतून कपाळापासून मानेपर्यंत ती कुठेही न अडता खाली आली. विजूनं हात मागे नेऊन मान चाचपली. मग मोठ्यानं शिंकली. गार मेंदीनं अखेर तिला गाठलंच होतं.

मावशी उठल्या. आता काय म्हणतात, म्हणून मी फणी खाली ठेवली. त्या कठड्याशी गेल्या आणि खाली अंगणात पापड वाळत घालणाऱ्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देवीनं सोडली गं बायांनो. आमच्या सुनंला देवीनं मोकळी केली." आवाज खणखणीत होता. तेच वाक्य पुढे त्यांनी अकोल्याला जाऊन घरोघर सांगितलं. परडीचा विषय तिथेच संपला. विजू आजही त्या घरात आहे, पोरगं बारावीला आहे, आणि तिच्या केसांबद्दल आता गावात एवढंच बोलतात की इतके लाल कशाला करायचे ते.

पण मला सांगायचंय ते त्याच्यानंतरचं. विजू डोकं धुवायला खाली गेली. गच्चीवर मी आणि मावशी. कढईत थोडी मेंदी उरली होती. ती खरवडून कुंपणाच्या मुळाशी टाकावी म्हणून मी उठणार, तर मावशी माझ्यापुढे सरकल्या. माझ्याकडे पाठ करून बसल्या. आणि त्यांनी पदर खाली घेतला.

त्यांच्या मानेवर पदराखाली मी आजवर जो अंबाडा समजत होते, तो अंबाडा नव्हता. त्यांनी एक काटा काढला आणि तो वळसा उलगडत उलगडत खाली आला, पाठीवरून, कमरेवरून, पाटापर्यंत. मनगटाएवढी जाड, करड्या रंगाची एकच जट. त्या वजनानं मान किती वर्षं एका बाजूला ओढली जात होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. विजू रोज बघायची ती बाई कोण, तेही. त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

"माजी सुटंल का?" मावशींनी विचारलं.

मी त्यात बोट घालून बघितलं. दाव्यासारखी टणक होती. मला उत्तर माहीत होतं.

"कधीपासून आहे?"

"पयलं बाळातपन अवघड गेल्तं. पोर बी गेलं. पडूनच हुते. उठले तवा ही हुती. सासू म्हनली, देवी हाय. मी म्हनलं, आसंल." बोलताना त्या समोर उसाच्या रिकाम्या रानाकडे बघत होत्या. "माजे बी केस लई कुरळे हुते. विजीवानी. पर माज्या मागं कुनी असं बसलंच न्हाई."

मला रडू आलं. आलं तसं येऊ दिलं. त्यांची पाठच होती माझ्याकडे. सुटेल असं मी म्हणाले नाही, कारण ते खोटं झालं असतं. सुटणार नाही असंही म्हणाले नाही. म्हटलं, "नीट बसा मावशी. मान सरळ ठेवा." आणि कढई जवळ ओढली.

तेव्हापासून दरवर्षी बॉयलर पेटला की दोन डोक्यांची मेंदी भिजते. विजू दोन दिवसांसाठी येते आणि लावून जाते. मावशी राहतात. त्यांच्या देवीला त्यांनी विचारलंय म्हणे. "काय बोलली न्हाई," म्हणाल्या. "म्हंजी चालतंय." कापायचं मी एकदाच सुचवून बघितलं, तर असं बघितलं माझ्याकडे की पुन्हा काढलं नाही. हेही आता कात्रीचं नाव काढत नाहीत. उलट मावशी येणार असल्या की स्वतः जाऊन दही आणतात आणि ते आंबट आहे की नाही, बोट घालून बघतात. मी ओरडते. काही फरक पडत नाही.

जट सुटलेली नाही. सुटणारही नाही, एवढ्या वर्षांची गाठ माझ्या हयातीत आणि त्यांच्याही हयातीत उकलायची नाही, हे आम्हा दोघींना कळतं. तरी मी दाबते, सैल करते, एकेक केस बाजूला काढते. मळीचा वास येत असतो. काजळी उडून त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर बसते आणि मी ती फुंकरीनं उडवते, चोळत नाही.

गेल्या माघात मात्र एक झालं. जटेच्या अगदी शेवटच्या टोकाला, कमरेच्याही खाली, चार बोटं केस मोकळे झाले. पांढरे होते ते, मेंदीनं केशरी झालेले. ओले होते तोवर काही कळलं नाही. उन्हात वाळले तशी त्यांची टोकं हळूहळू वर वळली आणि त्यांच्या स्प्रिंगा झाल्या. मावशींनी जट खांद्यावरून पुढे घेतली, ती टोकं हातात धरली आणि म्हणाल्या, "फनी दे बरं जरा."

मी फणी दिली. कुरळ्या केसाला कोरडी फणी लावायची नाही, हा माझा नियम. त्या दिवशी मी तो सांगितला नाही. मावशी त्या चार बोटांवरून फणी फिरवत बसल्या. वरून खाली, वरून खाली. फणी कुठे अडत नव्हती तरी फिरवत होत्या. मी चहा करून आणला, तो शेजारी ठेवला, तो गार झाला. परत गरम करून आणला. तोही गार झाला.